न पडलेलं छत

सक्करदऱ्याहून कामठीकडच्या खाणीत जाताना माझ्या पिशवीत जेवणाच्या डब्याला लागून दाब मोजायचं यंत्र असतं. जमिनीखाली कोळशाचे खांब छत पेलून उभे असतात. शेवटी शेवटी ते खांबही कापून काढतात, तेव्हा वरच्या खडकाचा भार उरलेल्या खांबांवर सरकतो. त्या खांबांत भोकं पाडून बसवलेल्या, दाब टिपणाऱ्या सेलवर आकडा किती चढला, हे बघणं माझं काम. डोळ्यांना काहीच दिसत नाही, आकडा तेवढा बोलतो.

एकदा आकडा भराभर चढला. माणसं बाहेर काढा, असं मी सांगितलं. त्या पाळीच्या माणसांची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्या वयस्क सरदारांनी शिट्टी मारली आणि सगळे बाहेर आले. पाळी वाया गेली. छत मात्र ढिम्म! मग काय, मला पाहिलं की कुणीतरी हेल्मेट घट्ट धरून "पडलं, पडलं!" ओरडायचं. मी मूळचीच तापट, दोघाचौघांना चांगलंच झाडलं. पण घरी आल्यावर रडू यायचं. पुढच्या वेळी माझं कोण ऐकणार, ही खरी भीती होती.

ती वेळ लवकरच आली. छत शांत, माणसं कामात, आणि आकडा पुन्हा चढू लागलेला. सरदार जवळ आले.

"मॅडम, काय म्हणून राहिलं तुमचं मशीन?"

"दाब वाढतोय. पण काकाजी, मागच्यासारखंच झालं तर..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत शिट्टी वाजली. "चला रे, निंगा बाहेर!"

"मॅडमले भेव लागते अन् पाळी आमची जाते," एकजण कुरकुरला.

"जाऊ दे गा," सरदार म्हणाले.

आम्ही वळणाच्या पलीकडे पोचलो आणि मागे छत कोसळलं. हवेच्या धक्क्यानं मी भिंतीवर आपटले. धूळ बसल्यावर सरदारांनी एकेकाच्या पाठीवर हात ठेवत माणसं मोजली. सगळी होती. इतकं कृतज्ञ मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"काकाजी, मागच्या वेळी मी चुकले होते, तरी तुम्ही माझं ऐकलंत."

"कोण म्हणते चुकल्या? तवाही समदे घरीच गेले ना, मॅडम."