आईसाठी काढलेला डोंगर

माझी आई शाळेत चित्रकला शिकवायची आणि मला फूटपट्टी घेऊनही सरळ रेघ जमायची नाही. घरात एक चित्रकार पुरे, असं म्हणून ती माझी समजूत काढायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा उजवा हात आणि पाय गेले. आमचं घर म्हसरूळला. ओट्यावरून चामरलेणीचा डोंगर थेट समोर दिसायचा. आयुष्यभर तिने तो जलरंगात रंगवला आणि प्रत्येक चित्र कुणाला तरी देऊन टाकलं. आता ती मागच्या खोलीत पडून होती आणि खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या न्हाणीघराची भिंत होती.

"दिलीप, डोंगर आहे ना रे जागेवर?" ती रोज विचारायची. बोलणं जड झालं होतं.

"चल, उचलून ओट्यावर नेतो तुला."

"नको. आता एकदाच काय ते उचला."

(असलं काही बोलून झालं की ती लगेच चहा मागायची.)

मी फोटो काढून आणला. त्यात विजेचा खांब भला मोठा आणि डोंगर नखाएवढा आला. तीच म्हणाली, "तू काढ की. माझे रंग आहेत कपाटात."

रविवारी तिचा बोर्ड, ब्रश आणि पाण्याचा डबा घेऊन मी रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसलो. तिने सांगितल्याप्रमाणे ब्रश धरून हात लांब केला, एक डोळा मिटला आणि डोंगराची उंची मोजू लागलो. मी सरकारी कचेरीत कारकून आहे, हे गल्लीला ठाऊक होतं. तेवढं पुरलं.

समोरचे बोरस्ते काका आले. त्यांच्या कंपाउंडची भिंत रस्त्यात बरीच पुढे आली होती.

"काय मोजताय?"

"डोंगर."

"आमच्यापासून कशाला लपवता? रस्ता किती रुंद होणार ते सांगा."

"काका, चित्र काढतोय. आईसाठी."

"बरोबर आहे. वरून बोलायची बंदी असेल."

थोड्या वेळाने त्यांच्या घरून पोहे आले. मग चहा. मग शेजारची आणखी दोन घरं आपापल्या ओट्याची कैफियत घेऊन आली. चित्र अर्धंच राहिलं.

पुढच्या रविवारी गेलो तर माझ्यापुढे ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावलेली, आणि बोरस्त्यांच्या भिंतीला टेकून शेंदूर फासलेला एक दगड.

"हा मारुती कधी आला, काका?"

"पूर्वापार आहे. तुमचं लक्ष नसेल."

माझा जन्म त्याच गल्लीतला. पण देवाशी वाद कोण घालणार? मी ट्रॉलीच्या वर जेवढा दिसला तेवढा डोंगर काढला आणि खाली मारुतीही काढला.

आईने चित्र बराच वेळ पाहिलं. "हा लाल ठिपका कसला?"

मी सगळी हकिगत सांगितली. तिचा अर्धा चेहरा हसला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं. मग तिने डाव्या हातात ब्रश मागितला. डोंगराच्या पायथ्याशी तिने गडद हिरवा रंग ओढला.

"आता बसला जमिनीवर," ती म्हणाली. "मघापासून तरंगत होता."

ते चित्र मी तिच्या समोरच्या भिंतीवर लावलं. बोरस्ते काका तिला बघायला आले, त्यांनी ते पाहिलं, आणि घरी जाऊन गुपचूप ट्रॉली हलवली. मारुती मात्र राहिला. काकूंनी त्याला रोज दिवा लावायला सुरुवात केली होती.

आई दिवाळीआधीच गेली. शेवटी आम्ही तिला उचललं, तेव्हा ओट्यावर मी खांदेकऱ्यांना जरा थांबायला सांगितलं. का, ते कुणी विचारलं नाही.

नंतर तिच्या शाळेतल्या जुन्या सहकारी गायधनी बाई भेटायला आल्या. त्याही चित्रकलेच्याच. त्या भिंतीसमोर चष्मा सावरत उभ्या राहिल्या.

"नातवाने काढलंय वाटतं. हात कच्चा आहे, पण वळण लागेल. कितवीत आहे?"

"तिसरीत," माझ्या तोंडून निघून गेलं.

"रविवारी पाठवा माझ्याकडे. आजीचा हात पुढे चालला पाहिजे."

रविवारी सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, आईचे रंग घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो. बाईंनी माझ्या मागे वाकून पाहिलं.

"मुलगा कुठंय?"

"बाई," मी म्हणालो, "तिसरीतला मीच."