आम्ही सरळ केलेलं विमान

माझे सासरे, आबा, भडगावजवळच्या आमच्या गावचे पोलीस पाटील होते. कुणी विहिरीत पडलं, गंजी पेटली, ढोरांत साथ आली, की तालुक्याला खबर पोचवायची हे त्यांचं काम, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. पंचनाम्याआधी कुणी प्रेताला हात लावला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पण विमान पडलं तर काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण गावात अजून एसटीसुद्धा आली नव्हती.

कापूस निघून गेलेल्या वावरात ते उतरलं, चाक सरीत अडकलं आणि उलटं झालं. दोन माणसांचं लहानसं विमान, आत एकटाच तरुण पोरगा, पट्ट्यांना उलटा लटकलेला. गड्यांनी पट्टे कापून त्याला बाहेर काढलं. डोक्याला खोक पडली होती, शुद्ध नव्हती. बैलगाडीत कडबा पसरून त्याला भडगावच्या दवाखान्यात नेलं. त्याच गाडीबरोबर आबांनी तालुक्याला खबरही धाडली. इथवर सगळं चोख झालं.

मग आबांची नजर विमानाकडे वळली. आमच्या गावात उलटलेली गाडी वावरात तशीच ठेवत नाहीत. परक्याची असली तर आधी ती सरळ करायची, मग पाणी प्यायचं. मालकाने येऊन आपली गाडी चाकं वर केलेली बघावी, ही सगळ्या गावाला लाज.

"पाव्हनानी गाडी शे. बठ्ठा या, सरळ करा," आबा म्हणाले.

शेपटाला मोटेचा जाड नाडा बांधला, बैलांच्या दोन जोड्या जुंपल्या. विमान सरळ झालं, पण शेपूट पिळवटलं आणि आतल्या तारा तटातट तुटल्या. लोंबणाऱ्या तारा गड्यांनी सुतळीने नीट बांधून टाकल्या. सासूबाईंनी भोवती सडा घातला, मी काचेवरची माती पदराने पुसली. गाव खूश होतं. आमच्याइतकी माणुसकी कुणी दाखवली असती, असं आम्हाला वाटत होतं.

चौकशीला मुंबईहून साहेब आला, बरोबर डोक्याला पट्टी बांधलेला तो पोरगा. पोराने सुतळी बघितली आणि बांधावर मटकन बसला.

साहेब शांतपणे म्हणाला, "पाटील, विमान लहान असो की मोठं, ते मोडलं किंवा माणूस जखमी झाला की ताबडतोब कळवायचं. ते तुम्ही केलंत. पण आमचा माणूस येईपर्यंत त्याला बोट लावायचं नसतं. प्रेताला लावता का?"

आबांना ते फार लागलं.

पोराचं म्हणणं असं, की शेपटाकडे जाणारी एक तार हवेतच तुटली, म्हणून त्याला उतरावं लागलं. तसं असेल तर दोष यंत्राचा. नाही तर दोष त्याचा, आणि विमान चालवायचा परवाना जाणार. आता सगळ्याच तारा तुटलेल्या. कोणती आधी तुटली हे कोण सांगणार? तो मात्र आम्हाला एक शब्द वाकडा बोलला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

जळगावच्या कचेरीत आबांची साक्ष ठरली. निघताना सासूबाई म्हणाल्या, "तार पहिलेच तुटेल व्हती, इतलंच सांगा. पोऱ्यानं पोट शे त्यावर."

आबा वहाणा घालून निघाले. माझं माहेर जळगावलगतच्या पिंप्राळ्याचं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. कचेरीचं दार उघडंच होतं, मी बाहेर व्हरांड्यात बसले. खोट्या साक्षीदाराला जन्मभर दारात उभं न करणारा माणूस आत खोटं बोलायला उभा होता.

"विमान सरळ करण्याआधी तार तुटलेली पाहिलीत?" साहेबाने विचारलं.

"हो. मी सोता दखी. तुटेल व्हती."

पोराने मान वर केली. त्याचा चेहरा असा उजळला, की मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

"कोणती? डावी की उजवी?"

तारेला बाजू असते हे आमच्या घरात कुणाला ठाऊक?

"उजवी," आबा म्हणाले.

पोराने जबानीत डावी सांगितली होती. साहेबाने पेन खाली ठेवलं आणि पोराला विचारलं, "यांना पढवलं कुणी?" संशयाचा फायदा तरी मिळाला असता बिचाऱ्याला, आता साक्षीदार फितवल्याचा डाग लागला. परवाना तिथंच जमा करून घेतला.

बाहेर पायऱ्यांवर आबा त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "डावी व्हती का?"

"डावी होती, आबा."

"आते काय करशी?"

"मला दुसरं काही येत नाही," तो म्हणाला.

त्याला सोडून आधी निघायचं कसं हे आबांना कळेना, आणि त्याला तर कुठं जायचं हेच ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही तिघं तिथंच उभे राहिलो.