माऊली सरहद्दीवर गेल्ता

राजूर अजून बरंच लांब होतं आणि द्वारकाबाईंचं हसून हसून पोट दुखायला लागलं होतं. चतुर्थीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी निघावं तर तोंडात देवाचं नाव असावं. पण शेजारी माऊली चालत असला की नाव बाजूलाच राहतं.

"अरे, जरा दम खा," त्या म्हणाल्या. "नाव घेऊ दे देवाचं."

"घ्या की बाई. मी कुठं धरून ठेवलंय देवाला?"

माऊलीचं जालन्याच्या मस्तगडात पंक्चरचं दुकान. द्वारकाबाई तिथल्याच बालवाडीच्या बाई, आता घरी बसलेल्या. माऊली आणि त्याचा धाकटा भाऊ सोपान, दोघंही त्यांच्या हाताखालून गेलेले. सोपान खाली मान घालून पाटी गिरवायचा, माऊली वर्गाला हसवायचा. मोठेपणीही खोड गेली नाही. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधता शोधता असा किस्सा लावायचा की हवा भरून झाली तरी गिऱ्हाईक उठायचं नाही. चुलत्याच्या दहाव्याला कावळा शिवेना, तर यानं त्या कावळ्यालाच अशा काही विनवण्या केल्या, की सोयरे तोंडावर उपरणं धरून हसले.

मागं एका एजंटाच्या नादी लागून तो युरोपला निघाला होता. सर्बियापर्यंत विमानानं, तेव्हा तिथं व्हिसा लागत नव्हता. पुढं जंगलातून चोरवाटेनं. एक हिवाळा तिथं काढून रिकाम्या हातानं परत आला, तेव्हापासून मस्तगडाला दुसऱ्या करमणुकीची गरज पडली नाही. आता येत्या सोमवारी सोपानही त्याच एजंटाकडून निघणार होता. त्याच्या नावाचा नारळ बाईंच्या पिशवीत होता.

"ती जोड्यांची गोष्ट सांग," बाई म्हणाल्या. कितीदा तरी ऐकलेली.

"मंग काय! आम्ही जंगलात. मी एकटा जालन्याचा, बाकी सगळे अफगाणी पोरं. त्यातला नसीर पाकिस्तानात राहून आलेला. त्याची उर्दू आन् आपली मोंढ्याच्या बाजारातली हिंदी, बराबर जमलं. मला मौली भाई म्हणायचा. सरहद्दीचं कुंपण ओलांडलं, आन् दिवस निघता निघता तिकडच्या पोलिसांनी धरलं. खुणेनं म्हणले, जोडे काढा. मला वाटलं, असंल यांच्यात बी काही पाळायचं. मी आपले जोडे काढले, झाडाखाली रांगेत लावले. येताना सापडले पाह्यजेत ना! नसीरचे बी लावले. वर पोलिसाला हात जोडून म्हणलो, साहेब, ध्यान ठेवा."

"मग?"

"मंग त्यानं सगळे उचलले आन् टाकले शेकोटीत. मी म्हणलो, देवस्थान लई कडक दिसून राह्यलं!"

बाईंनी पदर तोंडाला लावला. रस्त्याच्या कडेला चहा पिणारे दोघं उगाचच यांच्याकडं बघून हसले. हसू ओसरलं तेव्हा बाईंनी सहज विचारलं, "मग त्या नसीरचं काय झालं रे?"

"त्याचं ना..." माऊलीनं सवयीनं सूर लावला, पण पुढं काही येईना.

"नदी होती बाई. काठाला बर्फ. पोलीस म्हणले, आले तसे माघारी जा. अनवाणी. नसीर म्हणला, पुलावरून जाऊ द्या, तर कुत्रं सोडलं त्याच्यावर. पिंढरीच धरली. मला दोन काठ्या बसल्या. मी पासपोर्ट दाखवला, मला मारायचं थांबले. त्याच्याजवळ कागद नव्हता काही. त्याला मारतच राह्यले. पाण्यातून मी ओढून काढला. पायाची बोटं काळी पडल्ती."

"देवा रे."

"माघारी सर्बियाच्या कॅम्पात आलो तर म्हणलो, बस झालं, घरी जाऊ. तर म्हणे, मौली भाई, तुला घर हाय. माझा बाप जुन्या सरकारच्या फौजेत होता, आता आमच्या घरात कोण राह्यतं मलाच माहीत न्हाई. मी विमानात बसलो. तो लंगडत पुन्हा त्याच नदीला गेला. संगं होता त्या पोरानं फोन केल्ता. म्हणे, पाण्यात मधीच हात सुटला, मंग दिसलाच न्हाई."

बाई थांबल्या. "हे तू कधीच सांगितलं नाहीस."

"जातो की सांगाया. मी तोंड उघडायच्या आधी लोक हसायला बसलेले राह्यतात. मंग मी बी जोड्यांवर येतो. काल सोपानला समजवाया बसलो. लोळून हसला. म्हणे, दादा, मी स्लिपरच घालून जातो, जळल्या तरी हरकत न्हाई."

बाईंना हसू आलं, आणि आलं म्हणून त्यांची त्यांनाच शरम वाटली.

"रागावून सांगायचं मग."

"सांगितलं. म्हणे, सोता जाऊन आला आन् मला भेव दाखवतो." माऊली त्यांच्याकडं न बघता म्हणाला, "आज तुम्हाला एकटं गाठायचं म्हणूनच आलो मी. बाई, घरी गेल्यावर तुम्ही सांगा त्याला. तुम्ही बोलायला लागल्या की तो अजून बी मांडी घालून बसतो."

"अरे, मी कुठं काय पाहिलंय?"

"आता ऐकलं ना? तसंच सांगा. नसीरपासून सुरू करा. आन् मी तिथंच बसलेलो राहीन. मधीच मी हसवाया लागलो, तर त्याच्यासमोर मला गप करा."