बुडालेल्या देवावरून जाताना

डाळजजवळ उजनीच्या पाण्यात होडी चालवणारा तो म्हातारा मला एकदाच भेटला. पुण्याच्या पाहुण्यांना मी पक्षी दाखवायला नेलं होतं. भर पाण्यात त्यानं इंजिन बंद केलं, चपला काढल्या आणि वल्हं हातात घेतलं.

"बिघडलं का?" पाहुणे वैतागले.

"खाली आमच्या जुन्या गावाचं देऊळ हाय. देवाच्या डोक्यावरनं आवाज करत जाऊ न्हाय."

पाहुणे हसले. "जो स्वतःच धरणात बुडाला, तो तुम्हाला काय देणार?"

म्हातारा वल्हं मारत राहिला. "आमच्या आज्यानं त्याच्याकडं पाणीच मागितलं हुतं, सायेब. त्यानं दिलं. देताना सवताचं देऊळबी राखलं न्हाय."

देऊळ मागं पडल्यावरच त्यानं चपला घातल्या.

मला पाहुण्यांचा संताप आला. देव मानू नका, पण ज्याचं गाव पाण्याखाली गेलं त्याच्याच होडीत बसून त्याच्या देवाची टिंगल करता? परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

घरी पोचलो, तेव्हा आमच्या उसाला त्याच धरणाचं पाणी चालू होतं. आणि होडीत पाहुण्यांबरोबर मीही हसलो होतो.