रोझबायसाठी उतरवलेली गाडी

कुणाचीही गाडी दिसली की ते आधी उकिडवे बसायचे. चाक आणि वरची पत्र्याची कमान यांच्या फटीत हाताचा पंजा आडवा घालायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "मापात होया." म्हणजे मापात हवं. गाडीवाला समोर उभा असेल तर त्याला वाटे, हा गृहस्थ आपली गाडी विकत घेणार. विकत घेण्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. डॉक्टर लोक जेवायला गेल्या ठिकाणीही समोरच्याची जीभ बघतात, त्यातलाच प्रकार.

आमच्या वाडीत सगळे त्यांना कप्तान म्हणत. ते कप्तान कधीच नव्हते, सगळी नोकरी बोटीच्या इंजिनखोलीत काढलेली. पण मालवणच्या किनाऱ्यावर बोटीवरून परत आलेल्या माणसाला एकदा कप्तान म्हटलं की तो मरेपर्यंत कप्तानच. तेही दुरुस्त करायला जात नसत. मी त्यांचा शेजारी. मधे एक चिऱ्याचा गडगा, आणि गडग्याला एक पडकी जागा, जिच्यातून आमची ये-जा. मी शाळेत शिकवायचो म्हणून त्यांच्यासाठी 'मास्तर'.

निवृत्त होऊन घरी आल्यावर त्यांनी एक उंच गाडी घेतली. लांबीला लहान, पण जीपसारख्या ऐटीत उभी राहणारी. अशा गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील, हल्ली दर दोन घरांआड एक असते. त्यांची निवड साधी होती. आमच्या रस्त्याला खड्डे, वाटेत व्हाळावरची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, आणि गाडी निघाली की वाडीतली निदान चार माणसं बरोबर. आमच्याकडे गाडी रिकामी जाणं हा जवळजवळ गुन्हाच. रविवारी चर्चला, बाजाराच्या दिवशी बाजाराला कप्तानांचं इंजिन सुरू झालं की शेवंताकाकी पिशवी घेऊन फाटकात हजर. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी. शेवंताकाकीचा आणि चर्चचा काही संबंध नाही, पण चर्चच्या पुढेच मासळीबाजार आहे, आणि देव कुठलाही असो, ताजा बांगडा सकाळीच मिळतो.

कप्तानांची बायको रोझबाय पुढच्या सीटवर तिरकी बसायची, तोंड मागच्या बायकांकडे. निघाल्यापासून पोचेपर्यंत गप्पा. कुणाची सून कशी, कुणाच्या फणसाला किती धरलं. कप्तान एकटेच रस्त्याकडे बघत गाडी हाकत. मी कधी त्या गर्दीत सापडलो तर मला मागे डिकीच्या बाजूला कोंबत.

मग रोझबायचे गुडघे गेले. आधी कुरकुर, मग सूज, आणि मग अशी वेळ आली की उंच गाडीत पाय टाकता येईना. एका रविवारी चर्चच्या फाटकात कप्तानांनी तिला मागून आधार देऊन वर चढवलं. आधार कसला, ढकललंच. चर्चमधली चार माणसं बघत होती, वाडीच्या बायका तेवढ्या बाजारात होत्या. त्यानंतर रोझबाय चर्चला गेलीच नाही. विचारलं की सर्दी. सर्दी पावसाळा संपला तरी संपेना.

कप्तानांनी चढायला एक छान पाट करून घेतला. तिने तो स्वयंपाकघरात नेऊन त्यावर बसून नारळ खवला. "पाटार उभी ऱ्हंवाक मी काय व्हकल?" म्हणाली. व्हकल म्हणजे नवरी. मी कप्तानांना सुचवलं की ही गाडी विकून एखादी बुटकी, लहान गाडी घ्या. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना घर विकायला सांगतोय. लहान गाडीत शेवंताकाकी कुठे बसणार, हा त्यांचा प्रश्न होता.

गाडी तीच ठेवायची आणि खाली आणायची, असं त्यांनी ठरवलं. गावातला गॅरेजवाला म्हणाला, स्प्रिंगा कापतो, दुपारपर्यंत गाडी खाली. कप्तान त्याच्यावर इतके चिडले की दोन आठवडी बाजार झाले तरी त्याच्या दुकानावरून गेले नाहीत. कापलेल्या स्प्रिंगेवर गाडी बेडकासारखी उडते, आणि ते आपल्या बायकोला उडवत नेणार नव्हते. त्याच कंपनीची एक लहान, चपळ गाडी येते, तरुण मुलं हौसेने घेतात ती. दोन्हींचा खालचा सांगाडा एकच. तिच्या स्प्रिंगा आणि शॉकप आपल्या गाडीला बसतील आणि गाडी नीट, मापात खाली येईल, असा त्यांचा हिशोब.

त्या वस्तू शोधण्यात हिवाळा गेला. शेवटी म्हापशाकडच्या एका भंगारवाल्याकडे तसली गाडी असल्याचं कळलं, तेव्हा मला बरोबर घेऊन गेले. गाडीच्या टपावर माड पडला होता. वरून चपाती, खालून नवीकोरी. कप्तान मातीत उताणे पडून तिच्या खाली सरकले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा चेहऱ्यावर असा आनंद, की भंगारवाल्याने लगेच भाव वाढवला असणार.

परतताना बांद्याला चहा प्यायला थांबलो. तिथे ते म्हणाले, "तिच्या गुडघ्यांचा कोणाक सांगू नको हां, मास्तर. तिका आवडाचा नाय."

मी म्हटलं, लोक विचारतील, या वयात गाडी कशाला खाली केली.

"माका हौशी म्हणतले. म्हणांदेत."

काम त्यांनी स्वतः अंगणात केलं, गॅरेजवाल्याला फक्त अवजारांसाठी बोलावलं. रुसवा तेवढ्यापुरता मिटला. गाडी जमिनीवर टेकली तेव्हा ती खरोखर वेगळीच दिसत होती. रोझबाय पडवीतून आली, सीटकडे पाठ केली, खुर्चीत बसावं तशी बसली आणि एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात न धरता. कप्तान बॉनेटच्या पलीकडे उभे होते. कपड्याने हात पुसत राहिले, हात स्वच्छ झाले तरी. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

चूक त्यानंतरच्या रविवारी कळली. इंजिन सुरू झालं, शेवंताकाकी आणि मंडळी नेहमीसारखी फाटकात आली, नेहमीसारखी मागे बसली. मोरीवर रस्ता मधेच उंचावतो, तिथे गाडीचं पोट असं घासलं की मागच्या बायकांनी पाय वर घेतले. ऑइलचा चेंबर थोडक्यात वाचला. बोटीची अजस्र इंजिनं सांभाळलेल्या या माणसाने गाडीची उंची ठरवताना तीत दोघांनाच बसवून बघितलं होतं, ती आणि ते. आमच्या वाडीतली गाडी कधी दोघांना घेऊन जाते का? पण त्या सगळ्या महिन्यांत त्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होतं, त्याला ते तरी काय करणार.

त्यानंतर कप्तानांनी माणसं घेणं बंद केलं. सांगणार काय? गाडी खाली आहे, वजन चालत नाही, एवढंच म्हणायचे. का खाली आहे ते नाही. वाडीने अर्थ लावायचा तो लावला. "गाडी नटवल्यान आणि माणसां उतरवल्यान," शेवंताकाकी विहिरीवर म्हणाली, आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. पोरं गाडीचे फोटो काढत. बायका फाटकात येईनाशा झाल्या. काकी रिक्षाने बाजाराला जाऊ लागली, आणि कप्तानांची गाडी शेजारून गेली की मुद्दाम दुसरीकडे बघायची. मी दोनदा काकीशी विषय काढायच्या बेतात होतो, पण शब्द दिला होता. आजही मला हळहळ वाटते ती याचीच, की कुणाचंच काही वाकडं नव्हतं. दोन वाक्यांत मिटली असती अशी गोष्ट, आणि ती दोन वाक्यं बोलायची बंदी.

रोझबाय आता दर रविवारी चर्चला जात होती. सरळ बसून, तोंड पुढे. मागची सीट रिकामी. एकदा गडग्यापाशी मी विचारलं, आता बरं ना, जाता येतं?

"इगर्जीत जातंय, मास्तरांनू," ती म्हणाली, "पण खंय गेल्यासारख्या वाटणा नाय."

हे कप्तानांना कळत नव्हतं असं नाही. पावसाळाभर ते मागच्या बाजूला जरा जाड स्प्रिंग मिळते का ते शोधत होते, म्हणजे पुढून ती सहज बसेल आणि मागे काकी मंडळीही मावतील. रोज फोन. एकदा कोल्हापूर, एकदा बेळगाव. पाऊस सरला की बसवतो, म्हणाले. पाऊस सरायला आला, गणपती होऊन गेले, आणि एका सकाळी पडवीतल्या खुर्चीत चहाचा कप हातात असताना ते गेले. कप खाली पडून फुटला, तो आवाज ऐकून मी गडग्यातून धावलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिट्टी, म्हणजे दफन, होती. शवपेटी चर्चच्या गाडीतून पुढे गेली. कप्तानांच्या गाडीची किल्ली रोझबायने माझ्या हातात दिली. सगळी वाडी अंगणात होती, शेवंताकाकीही. त्या घराच्या अंगणात तिने कित्येक महिन्यांनी पाऊल टाकलं होतं. काळ्या कपड्यांतली रोझबाय काठी टेकत पडवी उतरली. तिची चाल पाहून काकी धरायला पुढे झाली. रोझबायने काठी माझ्याकडे दिली, सीटकडे पाठ केली, बसली, आणि दोन्ही हातांनी उचलून एकेक पाय आत घेतला.

काकीचा हात तसाच पुढे राहिला. तिने रोझबायच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग गाडीच्या दाराच्या उंबऱ्याकडे. बाकीच्या बायकाही बघत होत्या.

मी सवयीने मागचं दार लावायला गेलो.

"सगळ्यांका घेवा, मास्तरांनू," रोझबाय म्हणाली. "घासली तर घासूंदे."

चौघी मागे दाटीवाटीने बसल्या. मोरीवर गाडीचं पोट लागलं आणि पायांखालून पुढून मागेपर्यंत खरडत गेलं. मी थांबलो नाही. काकी पदर तोंडाला लावून रडत होती.

"आमका सांगूक होया होता गो त्यांनी," ती म्हणाली.

रोझबाय बऱ्याच दिवसांनी सीटवर तिरकी झाली, मागे वळली.

"मीच त्यांका सांगूक देवक नाय," ती म्हणाली.