उजेड पडायच्या आधीचा फोटो

भिकाजी मिराशीच्या हातून फ्लॅश पडला तो भाषण चालू असताना. भाषणाचा विषय होता, वस्तू कशी जपावी.

ऐकायला एकटा सुदेश होता. सुदेशचं मोबाइलचं दुकान भिकाजीच्या फोटो स्टुडिओच्या बरोबर समोर. आदल्या दिवशी त्याच्याकडून एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलची काच तडकली होती, आणि रामनगरच्या बाजारात सकाळी नऊ वाजता दुसरं काही काम नसल्यामुळे भिकाजीने त्याला शहाणपण शिकवायला घेतलं होतं. स्वतःच्या पायरीवर उभा राहून, फ्लॅश उजव्या हातात उंच धरून तो सांगत होता, की हा चौदा वर्षं आपल्याजवळ आहे, तालुक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आहे, पण अंगावर ओरखडा नाही. कारण वस्तू बोटांनी धरायची नसते, मनाने धरायची असते. ‘मनाने’ म्हणताना त्याने हात छातीकडे नेला. फ्लॅश हाताबरोबर गेला नाही.

तो वरच्या पायरीवर आपटला, तिथून खालच्या पायरीवर गेला, त्याचं झाकण उडालं आणि चार सेल चार दिशांना घरंगळले. एक थेट सुदेशच्या दुकानाच्या फळीखाली गेला. सुदेशने वाकून तो काढला, शर्टाला पुसला आणि आणून दिला. “घ्या काका,” एवढंच म्हणाला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं भिकाजी आजही ही हकिकत सांगताना म्हणतो. आणि ही हकिकत तो स्वतःच सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगू देत नाही. दुसरे लोक त्यातला आपला गाढवपणा नीट सांगत नाहीत, असं त्याचं म्हणणं आहे.

काउंटरच्या मागे, रस्त्याकडे पाठ करून, त्याने घाईघाईने सेल आत बसवले, झाकण लावलं आणि बटण दाबलं. एरवी बटण दाबलं की आतून डासासारखा बारीक आवाज चढत जायचा आणि मागे तांबडा दिवा लागायचा. आवाज नाही, दिवा नाही. त्याने दुकानातलेच नवे चार सेल काढले आणि जुने जसे होते तसे एकेक करून बदलले. तरीही काही नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एका फ्लॅशचं ते काय. पण भिकाजीचं सगळं त्या फ्लॅशवरच चाललं होतं. वय अठ्ठावन्न, फोटोचा धंदा तेहतीस वर्षं. घरोघरी मोबाइल आल्यापासून रामनगरातली लग्नं, बारशी, वाढदिवस हातचे गेलेच होते. राहिली होती ती जंगलातली गावं. तिथेही पोरांच्या खिशात मोबाइल असतातच, पण भिंतीवर लावायचा फोटो म्हटला की भिकाजीला बोलावणं यायचं. कारण त्या घरांचा एक पक्का समज होता. उजेड पडल्याशिवाय फोटो होत नाही. सगळ्यांनी ताठ उभं राहायचं, श्वास धरायचा, डोळ्यांपुढे पांढरा लख्ख उजेड पडला की ‘पडला’ म्हणायचं आणि मगच हलायचं. तो समज भिकाजीनेच तेहतीस वर्षं जोपासला होता, हे तो कबूल करतो. आता तो उजेड विझला म्हणजे भिकाजीकडे उरला होता एक कॅमेरा, आणि कॅमेरा तर सुदेशकडेही होता. शिवाय सुदेशकडे उभ्या दांडीवरचा एक गोल दिवाही नुकताच आला होता.

आणि परवा जंगलातल्याच दिग्गी गावात, जुन्या गिऱ्हाइकाच्या, नागूच्या मुलीचं, मयूरीचं लग्न होतं.

नागूला सरळ फोन करून सांगा, असं भिकाजीच्या बायकोचं, केशरचं मत पडलं. भिकाजीला ते पटलं नाही. मग तिने भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात तसं करून बघा म्हणून सुचवलं. भिकाजीने तिला समजावून दिलं की फ्लॅश भिजलेला नाही, पडलेला आहे, आणि यंत्रातलं बायकांना कळत नाही. दुपारी ती झोपल्यावर त्याने तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. संध्याकाळी भाताला तांदूळ काढताना तो तिच्या हाताला लागला. तिने तांदूळ झटकून फ्लॅश त्याच्यासमोर ठेवला आणि चुलीकडे गेली.

मग त्याने पेचकस घेतला. फ्लॅशच्या पोटात वीज साठून राहते, सेल काढले तरी लगेच जात नाही, हे त्याला माहीत होतं. ते त्याने कित्येकांना सांगितलंही होतं. पेचकस आत लागला मात्र, हात खांद्यापर्यंत झणाणला, आणि पेचकस उडाला तो थेट कपाटावर. दहा मिनिटं त्याची करंगळी आपोआप हलत होती. केशर दारात उभी होती.

“आवो, जित्ता हाय म्हनायचा अजून,” ती म्हणाली. “फ्लॅश.”

बुधवारी तो दिग्गीला गेला. जोयड्यापर्यंत बस, पुढे नागूने पाठवलेली जीप. मेलेला फ्लॅश त्याने कॅमेऱ्यावर नुसता शोभेला बसवला होता. कॅमेऱ्यात उजेड वाढवून घेण्याची सोय आहे, दिवसाचं काम निभेल, असा हिशोब होता. निभलंही. अक्षता पडल्या, जेवणं झाली, धांदलीत उजेडाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पण शेवटी अंगणातल्या मांडवात घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो घ्यायची वेळ आली. भिंतीवर लागणार तो हाच.

मधे खुर्चीवर नागूची आई, फुला. वय पंच्याऐंशीच्या पुढे, अंगाने चिपाडासारखी, आवाज मात्र खणखणीत. तिच्याभोवती मुलगे, सुना, नातवंडं, नवरानवरी, मिळून बावीस माणसं. फुलाचे फोटो म्हणजे भिकाजीच्या धंद्यावरचा जुना डाग होता. तेहतीस वर्षांत त्याने काढलेल्या एकाही फोटोत तिचे डोळे उघडे नव्हते. उजेड पडायचा आणि ती डोळे मिटायची. थोरल्याच्या लग्नात मिटलेले, धाकट्याच्या लग्नात मिटलेले, नवऱ्याशेजारी बसून काढलेल्या एकुलत्या एका फोटोतही मिटलेले.

भिकाजीने बटण दाबलं. बावीस माणसं तशीच उभी. त्याने पुन्हा दाबलं. कुणी हललं नाही. झाला फोटो, असं त्याने सांगितलं. नागूने मान न हलवता, ओठ न हलवता, उजेड पडला नाही म्हणून कळवलं.

खरं सांगायची ती वेळ होती. भिकाजीने सांगितलं की हा नव्या जातीचा फ्लॅश आहे, याचा उजेड माणसाला दिसत नाही, कॅमेऱ्याला तेवढा दिसतो.

सगळ्यांच्या नजरा फ्लॅशवर गेल्या. मग खुर्चीतून फुला म्हणाली, “आमास्नी त्यो दिसत न्हाई, तर त्येला आमी कसं दिसनार रे?”

मागच्या रांगेतून एक सून फिसकन हसली. तिचं बघून दुसरी. धाकट्या मुलाने विचारलं, की या फ्लॅशचं बिलही डोळ्याला न दिसणारं असतं काय. नवरी तोंडाला पदर लावून हलायला लागली. फुला मान पुढे काढून कॅमेऱ्याच्या काचेत कुठे उजेड सापडतो का ते बघत होती. आणि भिकाजी, घामाने निथळत, आता तरी एखादा फोटो बरा येईल म्हणून बटण दाबतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते फोटो संगणकावर बघितले. बघताना तो चहा प्यायचा विसरला. एका फोटोत बावीसच्या बावीस माणसं जिवंत होती. नागू आईकडे वाकून हसत होता, एवढा ताठ माणूस. नवरा नवरीकडे चोरून बघत होता. आणि मधे फुला, दात नसलेलं तोंड थोडं उघडं, दोन्ही डोळे टक्क उघडे, थेट समोर. भिकाजीने केशरला बोलावून दाखवला. फ्लॅश पडला तेच बरं झालं, एवढं म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली. मोठ्या आकारात छापून त्याने नागूची वाट बघितली, आणि छाती परत फुगली.

नागू शुक्रवारी आला. फोटो दोन्ही हातांत धरून त्याने खूप वेळ बघितला. मग काउंटरवर अलगद ठेवला.

“ह्यात आमी सगळी हाव, अण्णा,” तो म्हणाला. “पर फोटो काडल्यावानी न्हाई वाटत. ह्यो उजेड पडायच्या आदीचा हाय.”

भिकाजीने डोळे दाखवले, हसू दाखवलं. नागू मान हलवत राहिला. त्याचं म्हणणं साधं होतं. भिंतीवर वडिलांच्या वेळेपासूनचे सगळे फोटो उजेडाचे, सगळी माणसं ताठ आणि गोरी. त्यांच्या रांगेत हा लावला तर येणारा पाहुणा म्हणेल, मयूरीच्याच लग्नात काय झालं होतं? रविवारी, लग्नाच्या पाचव्या दिवशी, पाचपरतावणाला मुलगी-जावई येणार, एक फोटो त्यांच्याबरोबर सासरी द्यायचा होता. मग जरा खाली बघत त्याने सांगितलं की सुदेश गोल दिवा घेऊन येतो म्हणत होता. “पर आमच्या बाऽचा बी तुमीच काडलासा,” तो म्हणाला. “आयतवारी उजेड घिऊन येतासा काय सांगा.”

भिकाजीने येतो म्हणून सांगितलं. सांगून झाल्यावर त्याला आठवलं, की उजेड नाही.

शनिवारी त्याने तिनईघाट स्टेशनवर गाडी पकडली आणि कॅसलरॉकला विठ्ठलकडे गेला. विठ्ठल त्याच्या वयाचा, सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलेली. आता घराच्या पडवीत बसून गावाचे पंखे आणि बॅटऱ्या दुरुस्त करतो. भिकाजीने त्याला सगळं समजावून सांगितलं. धक्क्याने आतलं कोणतं जोडकाम सुटलं असेल, काय जळलं असेल, बेळगावहून कोणता भाग मागवावा लागेल. विठ्ठलने मधे एकदाही अडवलं नाही. ऐकता ऐकता झाकण उघडलं, सेल तळहातावर काढले, पुन्हा आत घातले, झाकण लावलं, बटण दाबलं. डासासारखा आवाज चढत गेला. तांबडा दिवा लागला.

“भिका,” विठ्ठल म्हणाला, “दुकानात सेल इकतोस न्हवं?”

“व्हय.”

“गिऱ्हाइकाला काय सांगतोस?”

काय सांगतो ते भिकाजीला तोंडपाठ होतं. बॅटरी लागत नाही म्हणून जंगलातून दहा मैल चालत आलेल्या माणसाला तो तेहतीस वर्षं सांगत आला होता, की बाबा, आत चित्र काढलेलं असतं, उलटंसुलटं बघून घालावं, त्याला शिकावं लागत नाही. चारातला एक सेल उलटा होता. नवे घालतानाही त्याने तो मोठ्या काळजीने उलटाच घातला होता. विठ्ठलने पैसे घेतले नाहीत, चहा दिला. परतीच्या गाडीला तीन तास होते. कॅसलरॉकच्या फलाटावर बसून भिकाजीने मधूनमधून बटण दाबून उजेड पाडून बघितला. शेवटी एका हमालाने येऊन विचारलं, की आभाळ तर निरभ्र आहे, मग हे काय चमकतंय.

रविवारी दिग्गीच्या अंगणात तीच बावीस माणसं त्याच जागी उभी राहिली. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी भिकाजी थांबला. काही न सांगता फोटो काढून निघता आलं असतं. पण न दिसणाऱ्या उजेडाची थाप या माणसांना मारली होती आणि त्यांनी ती हसून सोडून दिली होती, हे त्याच्या मनातून जाईना. त्याने सगळं सांगितलं. पायरीवरचं भाषण, तांदळाचा डबा, करंगळी, उलटा सेल. अंगण हसून हसून वाकलं. नागूने डोळे पुसले. हसणं ओसरल्यावर फुला म्हणाली, “आता सुलटा हाय न्हवं? मग काड.”

सगळे ताठ झाले. श्वास धरले. लख्ख उजेड पडला.

“पडला,” बावीसजण म्हणाले.

भिकाजीने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघितलं. रांग सरळ, चेहरे गोरे आणि गंभीर, फुलाचे डोळे गच्च मिटलेले. त्याने आणखी दोनदा काढला. आणखी दोनदा मिटलेले. नागूने वाकून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. ह्याला फोटो म्हनायचा, असं त्याने जावयाला सांगितलं.

निघताना फुलाने भिकाजीला हाक मारली. आधीचा फोटो कुठे आहे, तिने विचारलं. तो पिशवीत होता. ती तो घेऊन दाराच्या उजेडाला गेली आणि बोट फिरवत एकेक तोंड बघत राहिली.

“ह्यात माजं डोळं उगडं हायत,” ती म्हणाली.

“व्हय मावशी.”

“म्हंजे ह्यात मी बगत्ये.” तिने फोटो ओच्यात धरला. “भितीवर त्यो दुसरा लावू दे. पाव्हन्यास्नी बगायला. ह्यो माज्या पेटीत ऱ्हाऊ दे.”

भिकाजीने त्या फोटोचं काही घेतलं नाही. परत येताना जीपमध्ये त्याला वाटलं, की तेहतीस वर्षांत आपण काढलेला बरा फोटो एकच, आणि तो आपल्या नकळत निघाला.

महिन्याभराने दिग्गीच्या पलीकडल्या एका गावाहून फोन आला. बारसं होतं. उलटा सेल घालणारा फोटोवाला तूच काय, असं विचारून त्यांनी तारीख ठरवली. केशरने फ्लॅशच्या आत, जिथे सेलचं तोंड यायला हवं तिथे, नेलपॉलिशचे चार ठिपके लावून दिले आहेत. सेल घ्यायला येणाऱ्याला भिकाजी ते दाखवतो आणि सगळी हकिकत पहिल्यापासून सांगतो. समोरून सुदेश ऐकत असतो, आणि आता हसतोही. फक्त सांगताना भिकाजीचे दोन्ही हात मोकळे असतात.