ताईंच्या घराचा घुमारा

ताईंच्या पर्समध्ये कंगवा नसे, पण फुगे हमखास असत. लाल, पिवळे, वाढदिवसाचे. परळच्या आमच्या स्टुडिओत सिनेमाचे आवाज रचणारी ही बाई कुठल्याही जिन्यात, बोळात, लग्नाच्या हॉलमध्ये फुगा फुगवायची, रेकॉर्डर लावायची आणि टाचणी टोचायची. फट्! त्या आवाजाचा घुमारा कॉम्प्युटरला दिला, की प्लगइन नावाचं त्यातलं छोटं सॉफ्टवेअर कुठलाही आवाज त्या जागेत नेऊन बसवतं. पाठीमागे आम्ही त्यांना फुगेवाली म्हणायचो. तोंडावर ताई.

खोताच्या वाडीत एकदा एक म्हातारे अंकल बंडीवरच धावत बाहेर आले. "काय फुटला, काय फुटला?" ताईंनी पुढचा फुगा त्यांनाच फुगवायला लावला. "अंकल, दम आहे की तुमच्यात!" अंकल खूश.

त्यांचा एकच हेका असायचा. "जागा भरलेली असताना फोडायचा गं. माणसं, गाद्या, दोरीवरचे कपडे, सगळं आवाज पितं. रिकामी खोली खोटं बोलते." कुणी रिकाम्या हॉलचा घुमारा आणला, की त्यांचं डोकंच फिरायचं.

लालबागच्या चाळीत त्यांची दहा बाय बाराची खोली होती. अख्खी मुंबई टिपत फिरणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात मात्र फुगा फोडला नव्हता. आई अंथरुणाला खिळलेली, त्यात हार्टची पेशंट. दचकली तर? "करू की," म्हणायच्या, "घर कुठे पळून जातंय?"

आई गेली. पाठोपाठ चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. भांडी, गाद्या, कपाट सगळं टेम्पोत चढलं, अँटॉप हिलच्या भाड्याच्या घरी निघायचं, तेव्हा ताईंना आठवण झाली. नुसत्या भिंतींत त्यांनी फुगा फोडला.

आईचा आवाज आमच्याकडे होता. आजारपणाच्या आधी, एका सिनेमातल्या शेजारणीसाठी ताईंनी त्यांना स्टुडिओत आणलं होतं. "गो बाय, जेवलंस काय?" स्टुडिओतला कोरडा, जराही न घुमणारा आवाज. ताईंना तो एकदा आपल्या घरात ऐकायचा होता. त्यांनी तो त्या घुमाऱ्यात बसवला. मी घुमणं आखडलं, वरची धार दाबली, पुन्हा लावलं. पुन्हा. होते नव्हते ते सगळे प्लगइन पालथे घातले.

"राहू दे गं," ताई म्हणाल्या. "आई गोडाऊनमध्ये उभी आहे."

रडल्या-बिडल्या नाहीत. फाइलचं नाव 'घर' होतं, ते पुसून 'गोडाऊन' केलं आणि चहा मागवला. मी बिस्किटांचा पुडा फोडला.

त्यानंतरही ताई रोज यायच्या, काम चोख करायच्या. फुगे तेवढे बंद झाले. वर्षभरात त्याही गेल्या. मी स्मशानात गेले, घरी येऊन अंघोळ केली, दुसऱ्या दिवशी मिक्सिंगला बसले. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. अजून नाही.

परवा एका सिनेमात हिरोला गोडाऊनमध्ये बांधून ठेवलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, "जरा भकास घुमलं पाहिजे." मी ताईंची फाइल लावली.

"अरे वा, एकदम परफेक्ट! कुठलं गोडाऊन हे?"

"लालबागचं," मी म्हटलं.